राखीव रान आणि रयतेचा विश्वास

हिमालयाच्या उतरणीवर वसलेल्या कुमाऊं प्रांतात 1921 सालचा उन्हाळा वणव्यांचा उन्हाळा म्हणून लक्षात राहिला आहे. ते वर्ष कोरडे होते. चीडवृक्षांच्या रानात गळालेल्या सुयांसारख्या पानांचा जाड थर साचतो. पहाडी लोक त्याला पिरूल म्हणतात, आणि तो वाळला की एखादी ठिणगीही त्याला पुरते. तशा ठिणग्या दरवर्षीच पडत. परंतु त्या वर्षी एका डोंगरामागून दुसरा डोंगर पेटत गेला, आणि पूर्वी हाकेसरशी आग विझवायला धावणारी गावे या वेळी घराच्या ओट्यावर बसून ती पाहत राहिली. राळ काढण्यासाठी खाचा पाडलेली झाडे जळाली, गोळा करून ठेवलेली राळ जळाली. सरकारने चौकशी आरंभली तेव्हा साक्ष द्यायला फारसे कोणी पुढे येईना.

या वणव्यांची एक गोष्ट मात्र विचार करण्यासारखी होती. आग लागली ती मुख्यत्वे चीडवनांना, म्हणजे ज्या रानातून सरकारला लाकूड आणि राळ मिळत असे त्या रानांना. बांज नावाच्या रुंद पानांच्या वृक्षांची वने त्या मानाने सुरक्षित राहिली. बांजाचा पाला गुरांना चारा म्हणून आणि शेताला खत म्हणून उपयोगी पडतो, आणि बांजाच्या रानाखालचा झरा उन्हाळ्यातही आटत नाही, अशी पहाडी माणसाची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. तेव्हा ही आग झाडांच्या वैरापोटी लागलेली नव्हती. जे रान आपले राहिले नाही असे लोकांना वाटले, ते जळाले. जे अजून आपले वाटत होते, ते राहिले. रान राखणारी रयत रानाला आग लावण्यापर्यंत कशी आली, याचे उत्तर शोधायचे तर मागे शंभर वर्षे जावे लागते.

इंग्रजांचा अंमल येण्यापूर्वी या मुलखात वनाचा कायदा असा लिहिलेला नव्हता. राजे कर घेत, काही वस्तूंवर जकात घेत; पण गावाच्या सीमेतील रानाचा वापर गावानेच ठरवावा, ही रीत होती. काही राने देवतेच्या नावाने सोडलेली असत आणि त्यांत कुऱ्हाड चालत नसे. गवत कापण्याचा हंगाम ठरलेला असे. पाला कोणत्या झाडाचा, किती आणि केव्हा ओरबाडायचा, याचे संकेत असत. कित्येक गावांत रानाची राखण पाळीपाळीने होई. एक काठी या घरातून त्या घरात फिरे. ज्याच्या दारी काठी, त्याच्याकडे त्या दिवसाची राखण. अशा व्यवस्थेला पहाडात लठ पंचायत म्हणतात. ही रीत सर्वत्र सारखी होती असे नाही, किंवा तिच्यामुळे झाडे कधी तुटलीच नाहीत असेही नाही. मनुष्यवस्ती विरळ होती आणि रान विपुल होते, हेही तिच्या यशाचे एक कारण मानले पाहिजे. परंतु राखणारा आणि वापरणारा एकच होता, ही त्या व्यवस्थेची मुख्य बाजू होती.

1815 साली गुरख्यांचा पराभव होऊन कुमाऊं कंपनी सरकारच्या ताब्यात आले. ट्रेल नावाच्या आयुक्ताने 1823 साली गावांच्या सीमा आखून दिल्या. विक्रम संवतातील ते 1880 वे वर्ष. म्हणून त्या बंदोबस्ताला लोक ‘अस्सी साल’चा बंदोबस्त म्हणू लागले. अमुक धारेपासून तमुक ओढ्यापर्यंत, अशा त्या सीमा होत्या, आणि त्यांच्या आत शेते, गायराने आणि राने सर्वच आली. पुढे वाद निघाला की पहाडी माणूस या अस्सी सालच्या कागदाकडे बोट दाखवी. त्याच्या दृष्टीने तो त्याच्या रानाचा दाखला होता. सरकारच्या मते मात्र सीमा आखून दिली म्हणजे मालकी दिली असे होत नव्हते. एकाच कागदाचे असे दोन अर्थ लागले, आणि पुढच्या शंभर वर्षांचे भांडण त्या दोन अर्थांतूनच वाढले.

प्रथम काही काळ हा भेद कोणाला जाणवला नाही, कारण डोंगरातील रानाची सरकारला गरज नव्हती. 1853 साली मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली आणि चित्र पालटले. लोहमार्गाच्या प्रत्येक मैलाला सुमारे पावणेदोन हजार लाकडी स्लीपर लागत, आणि ते काही वर्षांनी बदलावे लागत. साग, साल आणि देवदार यांखेरीज दुसरे लाकूड त्या कामी टिकत नसे. पायथ्याच्या भाबर पट्ट्यातील सालवृक्षांवर ठेकेदार तुटून पडले. तोडलेली कित्येक झाडे वाहून नेण्याची सोय नसल्याने जागच्या जागी कुजली. ही लूट थांबवणे अगत्याचे होते, यात शंका नाही. 1864 साली वनखाते स्थापन झाले आणि डीट्रिख ब्रँडिस हे जर्मन वनशास्त्रज्ञ त्याचे पहिले प्रमुख नेमले गेले. वनखात्याच्या जन्माचे हे कारण विसरून त्याचा इतिहास सांगणे न्यायाचे होणार नाही.

लूट थांबवायची म्हणजे कोणाला आवरायचे, हा मात्र प्रश्न होता. 1865 चा पहिला वनकायदा सरकारला अपुरा वाटू लागला, आणि नव्या कायद्याची चर्चा सुरू झाली. बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याचे मत असे होते की पूर्वापार वहिवाटीने लोक रानाचा उपयोग करीत आले असले तरी तो कायदेशीर हक्क नव्हे. पूर्वीच्या राजांनी तो चालू दिला, ही त्यांची मेहरबानी, आणि मेहरबानी केव्हाही काढून घेता येते. उलट ब्रँडिस यांचे म्हणणे होते की वहिवाटीचे हक्क युरोपातल्याप्रमाणे येथेही मानले पाहिजेत, आणि सरकारी वनांच्या जोडीला गावांची स्वतःची वने निर्माण केली पाहिजेत.

या वादात पुण्याचा एक सूर उमटला होता, याची आठवण मराठी माणसाने ठेवावी. पुण्याच्या सार्वजनिक सभेने नव्या कायद्याच्या मसुद्याला विरोध केला. सभेचा आशय असा होता की सरकारने ग्रामस्थांना विश्वासात घेतले तर वनांचे रक्षण अधिक सुलभ होईल. त्यांना रानातून हुसकून लावण्याऐवजी, आपल्या वाट्याचे रान जे गाव राखील त्याचा गौरव करावा, त्याला बक्षीस द्यावे. मग गावागावांत चढाओढ लागेल. ही केवळ तक्रार नव्हती, तिच्यात कारभाराची एक पर्यायी योजना होती. 1878 साली कायदा झाला तो मात्र बेडन-पॉवेल यांच्या बाजूचा. वनांचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन वर्ग पडले. राखीव वनात मुदतीच्या आत लिहून न घेतलेला हक्क नष्ट होई. पहाडातल्या निरक्षर मेंढपाळाला ही मुदत केव्हा सुरू झाली आणि केव्हा संपली, हे कळण्याचा मार्ग काय होता? ग्रामवनाचे प्रकरण कायद्यात ब्रँडिस यांच्या आग्रहाची खूण म्हणून राहिले, पण बव्हंशी ते कागदावरच पडून राहिले.

कुमाऊंत या कायद्याची झळ पोहोचायला काही वर्षे लागली. 17 ऑक्टोबर 1893 रोजी सरकारने जाहीर केले की जी जमीन मोजलेल्या शेतांत येत नाही ती सर्व संरक्षित वन समजावी. पहाडी बोलीत मोजलेल्या जमिनीला नाप आणि न मोजलेलीला बेनाप म्हणतात. एका जाहीरनाम्याने सारी बेनाप जमीन सरकारी झाली. तीत झाडे होती, गायराने होती, ओढ्यांची पात्रे होती, आणि जेथे गवताची काडीही उगवत नाही अशी हिमशिखरेही होती.

त्यानंतर 1911 ते 1917 या काळात खरा घाव बसला. सुमारे तीन हजार चौरस मैल क्षेत्र राखीव म्हणून आखले गेले. घरामागे लाकूड किती, गुरे किती, पाला कोणत्या झाडाचा, चराई कोठे, या सर्वांचे नियम झाले. डोंगरात नवे शेत काढण्यास बंदी आली. पावसाळ्यापूर्वी गवत जोमाने यावे म्हणून चीडवनाचा तळ जाळण्याची जी जुनी रीत होती, ती गुन्हा ठरली. तिकडे चीडवृक्षाचे मोल वाढले होते. त्याच्या राळेपासून टर्पेंटाइन निघे, लाकडावर रासायनिक प्रक्रिया करून स्लीपर करता येत, आणि पहिल्या महायुद्धाने या दोन्ही गोष्टींची मागणी वाढवली.

नियम कागदावर कितीही विचारपूर्वक केलेले असोत, ते गावात पोहोचतात ते शेवटच्या शिपायाच्या रूपाने. पहाडात वनरक्षकाला पतरौल म्हणतात. गवताचा भारा घेऊन येणाऱ्या स्त्रीला वाटेत अडवणारा, विळा जप्त करणारा, दंडाची धमकी देऊन दूधतूप उकळणारा, अशी त्याची प्रतिमा लोकांच्या मनात रुजली. त्यातले प्रत्येक गाऱ्हाणे खरे होते असे नाही. तुटपुंज्या पगारावर कित्येक मैलांचे रान सांभाळणाऱ्या त्या माणसाचीही एक बाजू असेल. परंतु ज्या बाईच्या सासूने आणि आजेसासूने त्याच रानात गवत कापले होते, तिला त्याच कामासाठी कोणाच्या तरी परवानगीची वाट पाहावी लागत होती. गवत पूर्वीचेच होते. ते मिळत होते ते हक्क म्हणून नव्हे, सवलत म्हणून. हक्क आणि सवलत यांतला हा फरक विद्वानांपेक्षा तिला अधिक चांगला समजत होता.

याच लोकांवर आणखी एक ओझे होते. दौऱ्यावर येणाऱ्या अधिकाऱ्यांचे सामान वाहून नेण्याची सक्ती गावांवर असे आणि तिला कुली-उतार म्हणत. तिच्याविरुद्धचा असंतोष 14 जानेवारी 1921 रोजी, बागेश्वरच्या उत्तरायणी जत्रेत प्रकट झाला. बद्रीदत्त पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या साक्षीने, जमलेल्या हजारो लोकांनी वेठीच्या नोंदवह्या सरयू नदीत सोडल्या. वेठ संपली. लोकांना आपल्या बळाची जाणीव झाली, आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात राने पेटली.

सरकारने त्या वर्षी एक चौकशी समिती नेमली. कुमाऊंचे आयुक्त विंडहॅम हे तिचे अध्यक्ष होते. समितीने पाच हजारांहून अधिक लोकांच्या साक्षी घेतल्या. अल्मोड्याच्या खूंट गावचे एक वकील, गोविंद वल्लभ पंत, यांनी 1922 साली कुमाऊंच्या वनप्रश्नावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली आणि अस्सी सालच्या सीमांपासून सारे प्रकरण मांडले. हेच पंत पुढे उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री आणि भारताचे गृहमंत्री झाले. समितीचा निष्कर्ष सरकारला रुचणारा नव्हता, पण तिने तो स्पष्टपणे नोंदवला. हे नियम सक्तीने राबवणे शक्य नाही, आणि तसा हट्ट धरला तर दंगे होतील, असा त्याचा मथितार्थ होता. नव्या राखीव वनांचे दोन वर्ग करण्यात आले. ज्या रानाला बाजारात किंमत नव्हती ते पहिल्या वर्गात घालून महसूल खात्याकडे दिले गेले आणि तेथली बंधने जवळजवळ उठवली गेली. चीड, देवदार, साल यांची मोलाची राने दुसऱ्या वर्गात वनखात्याकडे राहिली.

एवढ्याने प्रश्न सुटला असता तर इतिहास सोपा झाला असता. पण पहिल्या वर्गातील रान आता नक्की कोणाचे, हे कोणीच सांगू शकत नव्हते. सरकारचा पहारा उठला होता. गावाची जुनी राखण मध्यंतरीच्या दहा वर्षांत मोडली होती, आणि ती पुन्हा उभी करण्याचा अधिकार गावाला दिलेला नव्हता. शेजारच्या गावचा माणूस कुऱ्हाड घेऊन आला तर त्याला अडवायचे कोणी आणि कोणत्या आधाराने? उद्या सरकार हे रानही पुन्हा घेईल, मग आजच तोडून घेतलेले बरे, असाही विचार अनेकांच्या मनात आला. सक्तीने जसे रान जळाले, तसे नुसत्या मोकळिकीने ते विरळ होऊ लागले. अविश्वास एकदा रुजला की बंधन उठवल्यानेही तो जात नाही. कारण दिलेले टिकेल, याची खात्री माणसाला उरलेली नसते.

ही केवळ कुमाऊंची कथा नव्हती. शेजारच्या टिहरी संस्थानात राजाने आपल्या वनांची नवी हद्द आखली, तेव्हा रवांई भागातील शेतकरी यमुनेच्या काठी तिलाडीच्या मैदानात जमले. तेथील जुन्या प्रथेप्रमाणे रयत राजाकडे सामुदायिक दाद मागे. त्या प्रथेला धंडक म्हणत, आणि तीत राजाने गाऱ्हाणे ऐकावे अशी अपेक्षा असे. 30 मे 1930 रोजी संस्थानच्या फौजेने त्या जमावावर गोळीबार केला. मृतांचा आकडा कागदांत एक आणि लोकांच्या स्मरणात दुसरा आहे. त्याच वर्षी वऱ्हाडात पुसदजवळ बापूजी अणे यांनी जंगल सत्याग्रह केला. साताऱ्याच्या बिळाशीत, नाशिकच्या बागलाणात लोकांनी वनकायदा मोडला. 25 सप्टेंबरला कुलाबा जिल्ह्यातील चिरनेरच्या रानात गोळीबार होऊन माणसे मेली. मिठाचा कायदा मोडायला समुद्र लागतो. समुद्रापासून दूरच्या गावांनी राखीव रानातले गवत कापले. देशाच्या इतक्या निरनिराळ्या कोपऱ्यांत लोकांना मोडण्यासाठी हाच कायदा सापडावा, यातच त्याच्याविषयीची लोकभावना उघड होते.

अशा पार्श्वभूमीवर 1931 साली कुमाऊंत वनपंचायतींचे नियम झाले. त्यांची रचना साधी होती. गावकऱ्यांनी अर्ज करावा. जिल्हाधिकाऱ्याने हद्द निश्चित करून ते रान गावाच्या निवडलेल्या पंचांकडे सोपवावे. पंचांनी आपल्यातून सरपंच निवडावा, राखणदार ठेवावा, गवत कधी उघडायचे आणि लाकूड कोणाला किती द्यायचे ते ठरवावे, नियम मोडणाऱ्याला दंड करावा. जमीन विकण्याचा किंवा रान तोडून शेत करण्याचा अधिकार मात्र त्यांना नव्हता. म्हणजे सरकारने मालकी सोडली नाही, पण राखण आणि वापर हे दोन्ही पुन्हा एका हाती दिले. काठी पुन्हा घरोघर फिरू शकत होती. फरक इतकाच, की आता तिच्यामागे नोंद होती, हद्दीचा नकाशा होता आणि बैठकीची वही होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेने जी वाट सुचवली होती ती अशी अर्ध्या शतकानंतर हिमालयात उघडली, आणि तीही राने जळाल्यावर.

पंचायती सर्वच चांगल्या चालल्या असे नाही. काही गावांत सरपंचाचे घर आणि पंचायत यांत भेद राहिला नाही. काही ठिकाणी वरच्या जातींनी खालच्या जातींना गवताच्या वाटणीत मागे ढकलले. गवत आणि सरपण वाहणाऱ्या स्त्रियांना पंचांत फार काळ जागा नव्हती. तरीही एकंदर हिशेब पंचायतींच्या बाजूचा आहे. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपग्रहांच्या चित्रांवरून पंचायती वने आणि सरकारी वने यांची तुलना करण्यात आली. पंचायतींनी आपली राने सरकारी वनांइतकीच, कदाचित अधिकही चांगली राखली होती, आणि त्यावर होणारा खर्च सरकारी खर्चाच्या मानाने फारच थोडा होता. आज उत्तराखंडात अकरा हजारांहून अधिक वनपंचायती आहेत. ज्या लोकांनी 1921 साली वणवा पाहत बसणे पसंत केले, त्यांचीच मुले-नातवंडे पंचायतीच्या रानात आग लागली तर हिरव्या फांद्या घेऊन विझवायला धावू लागली.

स्वातंत्र्यानंतर हा धडा गिरवला गेला असता तर बरे झाले असते. परंतु 1952 च्या राष्ट्रीय वनधोरणाने गावाच्या गरजेपेक्षा राष्ट्राच्या गरजेला वरचे स्थान दिले, आणि व्यवहारात राष्ट्राची गरज म्हणजे कारखान्याची गरज असा अर्थ पुष्कळदा झाला. 1976 आणि 2001 सालच्या नव्या नियमांनी वनपंचायतींच्या कारभारात सरकारी खात्यांचा हात वाढत गेला. परवानग्यांची संख्या वाढली, आणि गावाच्या अनुभवाला सरकारी आराखड्याच्या मागे उभे राहावे लागले.

1973 साली चमोली जिल्ह्यात जे घडले ते याच मनोवृत्तीचे फळ होते. गोपेश्वरच्या दशोली ग्रामस्वराज्य संघाने शेतीची अवजारे करण्यासाठी अंगू नावाची काही झाडे मागितली, ती नाकारण्यात आली. तीच झाडे अलाहाबादच्या एका क्रीडासाहित्याच्या कंपनीला देण्यात आली. बैलाच्या जुवाला लाकूड नाही आणि खेळाच्या बॅटीला आहे, हे लोकांना कोणत्या शब्दांत समजावून सांगणार? चंडीप्रसाद भट यांच्या पुढाकाराने लोकांनी झाडांना मिठी मारण्याचा निर्धार केला, आणि 24 एप्रिल 1973 रोजी मंडल गावाहून कंपनीची माणसे परत गेली. पुढल्या वर्षी रेणी गावाजवळच्या सुमारे अडीच हजार झाडांचा लिलाव झाला. 1962 च्या युद्धानंतर लष्करासाठी घेतलेल्या जमिनीची भरपाई देण्याच्या निमित्ताने गावचे पुरुष चमोलीला बोलावले गेले, आणि त्याच दिवशी, 26 मार्च 1974 रोजी, तोडीची माणसे रानाकडे निघाली. गौरादेवी यांनी सत्तावीस स्त्रिया आणि मुली बरोबर घेऊन त्यांची वाट अडवली. झाडे वाचली. सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने अभ्यास करून अलकनंदेच्या वरच्या खोऱ्यातील तोड दहा वर्षे थांबवण्याची शिफारस केली. रेणीच्या स्त्रियांना जे आधीच ठाऊक होते ते अशा रीतीने सरकारदरबारी मान्य झाले.

या कथेचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. रेणीच्या वर, ऋषिगंगेच्या घळीपलीकडे, नंदादेवीचे शिखर आहे. 1934 साली शिप्टन आणि टिलमन यांनी त्या घळीतून आतल्या खोऱ्यात प्रवेश केला. 1939 साली तेथे अभयारण्य जाहीर झाले. 1974 पासून गिर्यारोहकांना वाट खुली झाली आणि त्यांच्या वर्दळीने खोऱ्याची नासाडी होऊ लागली. 1982 साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि लवकरच खोरे सर्वांनाच बंद करण्यात आले. सर्वांनाच म्हणजे गिर्यारोहकांना आणि गावकऱ्यांनाही. रेणी, लाता आणि भोवतालच्या गावांतील भोटिया लोकांचा तिबेटशी असलेला व्यापार 1962 साली बुडाला होता. उरली होती ती उंच बुग्यालांवरील मेंढ्यांची चराई, रानातील औषधी वनस्पती आणि मोहिमांची हमाली. उद्यानाने एका हुकुमाने हे तिन्ही मार्ग रोखले. ज्या स्त्रियांच्या धैर्याची वाखाणणी जगभर होत होती, त्यांच्याच गावाला रानाच्या उंबरठ्यावर परके ठरवण्यात आले. 1988 साली उद्यानाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली.

दहा वर्षांनी, 1998 साली, लाता आणि आजूबाजूच्या गावांनी ‘झपटो-छीनो’ ही चळवळ उभारली. आमचे हक्क द्या, नाही तर आम्ही ते झडप घालून घेऊ, असा त्या नावाचा अर्थ. झाडाला मिठी मारण्याच्या भाषेपासून झडप घालण्याच्या भाषेपर्यंतचे हे अंतर पाव शतकाचे आहे, आणि ते अंतर चालायला त्यांना भाग पाडणारे लाकडाचे ठेकेदार नव्हते. संरक्षणाचा हेतू बाळगणारी व्यवस्थाच होती. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. बंदीनंतर खोऱ्यातील वनस्पती आणि प्राणिजीवन सावरले, हे मान्य केले पाहिजे. पण ज्यांनी खोरे बिघडवले नव्हते त्यांनाच त्याची सर्वाधिक किंमत द्यावी लागली, आणि किंमत ठरवताना त्यांना विचारले गेले नाही. पुढे 2001 साली लाताच्या ग्रामस्थांनी निसर्गरक्षण आणि गावाच्या ताब्यातील पर्यटन यांविषयीचा आपला जाहीरनामा मांडला, आणि काही वर्षांत बाहेरच्या कडेची एक वाट मर्यादित प्रमाणात उघडली गेली. त्या जाहीरनाम्यात रान राखण्याला विरोध नव्हता, राखणीतला आपला वाटा मागितलेला होता.

मधल्या काळात दिल्लीतील विचारही बदलत होता. 1988 च्या वनधोरणाने स्थानिक लोकांच्या गरजांना अग्रक्रम दिला. 2006 च्या वनहक्क कायद्याने तर आपल्या प्रस्तावनेतच, वनवासी जनांवर ऐतिहासिक अन्याय झाला, अशी कबुली दिली. त्या कायद्याखाली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. ते गाव कायद्याची वाट पाहत बसले नव्हते. कित्येक वर्षे एकमताने निर्णय घेऊन ते आपले रान राखत आले होते. कायद्याने त्या राखणीची नोंद केली. कुमाऊंच्या डोंगरात आणि वैनगंगेच्या खोऱ्यात भाषा, वृक्ष आणि माणसे सारीच निराळी. पण अनुभव एकच निघाला.

या दीडशे वर्षांच्या कथेत दुष्ट माणसे शोधू गेल्यास फार थोडी सापडतील. वनखात्यात रानावर निस्सीम प्रेम करणारी माणसे होऊन गेली आणि आजही आहेत. ठेकेदाराच्या कुऱ्हाडीपासून, अतिक्रमणापासून, शिकाऱ्यापासून जे काही वाचले आहे त्यात त्यांचा वाटा मोठा आहे, आणि एकट्या गावाच्या बळावर आजच्या काळातील बाजार आणि मोठे प्रकल्प अडवता येतील असेही नाही. दोष होता तो एका समजुतीचा: रान राखायचे तर आधी माणूस दूर करावा, ही ती समजूत. ती 1878 साली महसुलासाठी वापरली गेली आणि 1982 साली निसर्गासाठी. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या बाईला दोन्ही वेळा दार बंदच दिसले.

राज्यकारभारात विश्वास हा मनाच्या चांगुलपणाचा भाग समजला जातो. कुमाऊंचा इतिहास सांगतो की तो कारभाराच्या रचनेचा भाग आहे. हद्द दोघांना मान्य असलेल्या कागदावर लिहिलेली असावी. हक्काला हक्क म्हणावे, सवलत म्हणू नये. दंड कोणी केला आणि का केला हे गावाच्या वहीत दिसावे. आणि दिलेला शब्द अधिकारी बदलला तरी बदलू नये. एवढ्या चार गोष्टी जेथे पाळल्या गेल्या तेथे फारसा खर्च न करता राने उभी राहिली. जेथे त्या मोडल्या तेथे कुंपणे उंच होत गेली आणि आतले रान विरळ होत गेले.

पहाडात आजही उन्हाळ्यात पिरूल वाळते आणि आजही वणवे लागतात. पाऊस लहरी झाला आहे, तरुण मंडळी शहराकडे निघून गेली आहेत, कित्येक गावांत आग विझवायला हातच उरलेले नाहीत. डोंगरावर धूर दिसला की खात्याची गाडी निघते, पण घाटाची वाट लांब असते आणि पहिला तास निघून जातो. त्या पहिल्या तासात धावून जाऊ शकतो तो फक्त रानाशेजारचा माणूस. तो धावेल की ओट्यावर बसून पाहील, हे त्या दिवशी ठरत नाही. ते रान कोणाचे म्हणून त्याला सांगितले गेले, यावर ते कित्येक वर्षे आधीच ठरलेले असते.